वापीहून उधव्याला, सिल्वासामार्गे

वापीहून सिल्वासाला जाणारा रस्ता जेमतेम अठरा किलोमीटरचा. तेवढ्यात गाडी गुजरातमधून दादरात शिरते, दादरा संपलं की लवाछ्याच्या आसपास पुन्हा गुजरात लागतं आणि ते नीट सुरू होतंय न होतंय तोच नगर हवेली येते. एवढ्यावर भागत नाही. सिल्वासाच्या दक्षिणेला मघवाल नावाचं गाव आहे. चारही बाजूंनी नगर हवेलीनं वेढलेलं, पण मालकी गुजरातची. रस्त्यावर सीमारेषा कुठेच दिसत नाही. ती ओळखायची दारूच्या दुकानांवरून. पाट्या दिसू लागल्या की केंद्रशासित प्रदेश, एकाएकी गायब झाल्या की गुजरात.

मुंबई-ठाण्याच्या माणसाला सिल्वासा माहीत असतं ते रिसॉर्ट, तरणतलाव आणि स्वस्त बाटली या तीन गोष्टींसाठी. सुरत-वलसाडकडच्या गाड्याही शनिवारी याच ओढीनं येतात, कारण त्यांच्याकडे दारूबंदी. त्यात वावगं काही नाही. पण रिसॉर्टच्या कुंपणाआड बसलं की या मुलखातलं निम्मं खाणं आणि जवळजवळ सगळा निसर्ग बाहेरच राहतो. आम्ही मित्र निघालो ते थंडीत, मुद्दाम पोट रिकामं ठेवून. गाडी ठाणेकराची, त्यामुळे गाणी त्याच्या आवडीची. मागे एक वसईकर आणि एक नाशिककर. या दोघांनी वाटेत दिसेल त्या वस्तूवर आपापल्या गावाचा हक्क सांगायचं व्रतच घेतलं होतं.

घोडबंदर, वसईच्या खाडीवरचा पूल, विरार फाटा हा टप्पा उजाडायच्या आत मागे टाकावा, नाहीतर ट्रकांच्या रांगेत सकाळ जाते. मनोरनंतर डोंगर दिसू लागतात. चारोटी नाक्याजवळ उजवीकडे महालक्ष्मीचा सुळका हमरस्त्यावरून स्वच्छ दिसतो. चैत्री पौर्णिमेला देवीची मोठी जत्रा भरते आणि रात्री त्या अवघड सुळक्यावर ध्वज चढतो. तलासरी, मग आच्छाडचा नाका, आणि महाराष्ट्र संपतो. भिलाडला उजवीकडे वळून नरोलीवरून सिल्वासा गाठणं हा जवळचा रस्ता. आम्ही तो सोडून सरळ वापीकडे गेलो, त्याला कारण होतं उबाडियुं.

डिसेंबर-जानेवारीत दक्षिण गुजरातच्या या पट्ट्यात हमरस्त्याकडेला काळी मडकी उपडी मांडलेली दिसतात. भोवती राखेचं कडं, बाजूला कोनफळांचा ढीग. हे उबाडियुं. त्यात पडतात थंडीच्या भाज्या: वालपापडी, लहान बटाटे, रताळी आणि जांभळं कोनफळ. हिरवी लसूणपात, आलं, मिरची, कोथिंबीर आणि ओवा यांचं वाटण बटाट्याला आणि कंदाला चीर देऊन आत भरतात, उरलेलं पापडीला चोळतात. मडक्याच्या तळाला आणि कडेला कलार नावाचा उग्र वासाचा रानपाला दाबून बसवायचा, मग भाज्यांचे थर, वर पुन्हा पाला. मडक्याचं तोंड पाल्यानंच गच्च बंद होतं, झाकण लागत नाही. पाण्याचा थेंब नाही आणि तेलही जवळपास नाही. मडकं उपडं करून भोवती पालापाचोळा, काटक्या आणि गोवऱ्या रचून पेटवतात. भाज्या स्वतःच्याच वाफेवर शिजतात आणि त्या वाफेला कलारचा वास लागतो.

आम्ही थांबलो त्या टपरीवरच्या काकांनी आमच्यासमोर एक मडकं उघडलं. राख झटकली, फडक्यानं धरून मडकं सुलटं केलं, लोखंडी सळईनं पाल्याचं बूच ओढलं आणि सगळं टोपलीत ओतलं. धूर, ओवा आणि ओल्या रानाचा वास एकदम अंगावर आला. काळपट पडलेला पाला त्यांनी दोन बोटांनी झटपट वेचून बाजूला केला. एवढ्या गरम मडक्यातलं त्यांना काही भाजत कसं नाही, हे मी शेवटपर्यंत बघत राहिलो. वजनावर विकतात. सोबत हिरवी चटणी आणि ताक. पापडी सालासकट तोंडात धरायची आणि दाण्यांबरोबर मऊ झालेला गर ओढून घ्यायचा. कोनफळ मात्र सगळ्यांत भारी. बाहेरून कोळशासारखं, आत जांभळं आणि पिठूळ.

“ही तर आमची उकडहंडी,” वसईकर म्हणाला. खोटं नव्हतं. वसई-पालघरच्या वाडवळ घरांत याच दिवसांत याच भाज्यांची उकडहंडी होते. रायगडात गेलात तर मडकं तेच, पाला भांबुर्ड्याचा, आत वालाच्या शेंगांबरोबर अंडी किंवा कोंबडी, आणि नाव पोपटी. सुरतेचा उंधियो याच घराण्यातला, फक्त तेलात पोहायला शिकलेला. अलिबागेपासून सुरतेपर्यंतच्या किनाऱ्यावर थंडी पडली की माणसं वाल आणि कंद मडक्यात कोंबून आग लावतात, राज्य कुठलंही असो.

दादरा येतं आणि जातं. तीन गावांचा हा तुकडा, बहुतेक पर्यटक वनगंगा तळ्याच्या बागेत फोटो काढून पुढे सरकतात. पण गोष्ट इथूनच सुरू होते. २१ जुलै १९५४च्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या स्वयंसेवकांनी फ्रान्सिस मस्करेन्हस यांच्या नेतृत्वाखाली दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशी गाव पोर्तुगीजांच्या हातून सुटलं.

मुळात ते त्यांच्या हातात गेलं कसं, हे सांगायचं तर पुण्याला जावं लागतं. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमारानं पोर्तुगीजांचं ‘सांताना’ हे लढाऊ जहाज पकडलं. भरपाईची बोलणी वर्षानुवर्षं चालली. १७७९च्या तहात पेशव्यांनी वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावं द्यायचं कबूल केलं, १७८३ मध्ये नगर हवेली दिली आणि १७८५ मध्ये दादरा. वसईकराला हे ऐकून मनापासून राग आला. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये एवढी माणसं खर्ची घालून वसई घेतली आणि चव्वेचाळीस वर्षांत एका जहाजापायी दुसरा मुलूख देऊन टाकला, हे त्याला पटेना. गंमत अशी की हा वाद पुढे थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. भारत आम्हाला आमच्या प्रदेशात जाऊ देत नाही अशी पोर्तुगालची तक्रार होती. तेव्हा न्यायाधीशांपुढे पेशव्यांच्या सनदा आल्या आणि न्यायालयानं असं धरलं की मराठ्यांनी दिला होता तो वसुलाचा हक्क, सरंजाम किंवा जहागीर म्हणतात तसा, राज्य नव्हे. पोर्तुगीजांची सत्ता तिथे रुजली ती पुढे, इंग्रजांनी ती न बोलता मान्य केल्यामुळे. निकाल लागला १२ एप्रिल १९६० रोजी आणि फौज नेण्याचा हक्क काही पोर्तुगालला मिळाला नाही.

सिल्वासा गाव म्हणून पाहिलं तर निराशा होण्याचा संभव जास्त. करसवलती मिळाल्यावर इथे कारखाने आले, पॉलिएस्टरच्या धाग्याचे, प्लास्टिकचे, आणि त्यांच्यामागून बिहार-उत्तर प्रदेश-ओडिशातून कामगार. मसाट, पिपरिया, खडोली या बाजूंना शेडच शेड आहेत. रस्ते मात्र रुंद आणि झाडं लावलेले. १८८५ मध्ये पोर्तुगीजांनी कारभार दरारा गावातून इथे हलवला आणि लिस्बनजवळच्या एका ठिकाणावरून याला ‘पासु द आर्कुश’ असं भरघोस नाव दिलं. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. त्या काळातलं पाहण्यासारखं म्हणजे अवर लेडी ऑफ पायटी हे १८९७चं चर्च. वसईकराला इथे बोलतं करायची गरज नव्हती. त्याच्याकडच्या चर्चपुढे हे लहानच, असं तो दारातच म्हणाला, आणि मग लाकडी वेदीपुढे बराच वेळ उभा राहिला.

आदिवासी संग्रहालय चुकवू नये. इमारत साधी, मांडणी जुन्या पद्धतीची, पण मुखवटे, दागिने, मासेमारीची आणि शिकारीची साधनं जवळून बघायला मिळतात. तारपाही तिथे आहे. वाळवलेला दुधी भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या, सांधे मेणानं लिंपलेले आणि पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. दिवाळीच्या सुमारास भात घरात आलं की रात्री तारपकरी मध्ये उभा राहतो, नाचणारे हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात आणि तो वळेल तसे वळतात. वारली चित्रांतला तो गुंडाळलेला नाच आपण कुशनच्या अभ्र्यांवर इतक्यांदा पाहतो, की तो खरोखर कुणीतरी नाचतं हे विसरायला होतं. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपण वारली म्हटलं की डहाणू-जव्हार म्हणतो. पण दादरा आणि नगर हवेलीतल्या आदिवासींमध्ये सर्वांत मोठी जमात वारलीच आहे, शिवाय धोडिया, कोकणा, काथोडी. खानवेलकडच्या गावांत कानावर पडणारी बोली मराठीला इतकी लागून आहे, की सिल्वासात हिंदीत सुरू झालेलं आमचं संभाषण तिथे कधी मराठीत आलं ते कळलंही नाही. २०२१च्या पोटनिवडणुकीत इथून कलाबेन डेलकर शिवसेनेच्या चिन्हावर लोकसभेत गेल्या, तेव्हा महाराष्ट्राबाहेरचा पक्षाचा पहिला खासदार म्हणून बरीच चर्चा झाली होती.

सिल्वासा सुटलं ते २ ऑगस्ट १९५४ रोजी. हल्ला करणाऱ्यांत आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे आणि प्रभाकर सिनारी होते, राजा वाकणकर आणि नाना काजरेकर यांच्याबरोबर आलेले पुण्या-मुंबईचे स्वयंसेवक होते. त्यांच्यात बाबासाहेब पुरंदरे होते आणि सुधीर फडकेही. शस्त्रांसाठी पैसे जमवायला फडक्यांनी लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम ठरवला होता. पावसाचे दिवस, दमणगंगेला पाणी, आणि हा चाळिशीच्या आतला संगीतकार चिखल तुडवत हल्ल्याला निघालेला. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ला, पुणे आकाशवाणीवर त्यांचं गीतरामायण सुरू झालं. ठाणेकरानं हे ऐकून आपली गाणी बंद केली आणि खानवेलपर्यंत बाबूजी लावले. या प्रवासातली ती एकमेव सांस्कृतिक क्रांती.

त्यानंतरची सात वर्षं हा मुलूख कायद्यानं भारतात नव्हता आणि पोर्तुगालच्या ताब्यातही नव्हता. वरिष्ठ पंचायत कारभार पाहायची. १९६१ मध्ये विलीनीकरणाचा करार करायचा ठरलं, तेव्हा पंतप्रधान नेहरूंसमोर सही करायला समोरच्या बाजूचाही तोलामोलाचा माणूस हवा. मग तिथला कारभार पाहणारे सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं दादरा आणि नगर हवेलीचं पंतप्रधान केलं गेलं आणि त्यांनी सही केली. ११ ऑगस्ट १९६१ पासून हा केंद्रशासित प्रदेश. २६ जानेवारी २०२० पासून तो दमण आणि दीवशी जोडला गेला आहे.

सिल्वासा सोडून खानवेलकडे निघालं की सुमारे वीस किलोमीटरमध्ये मुलूख पालटतो. शेडची पत्र्याची छपरं मागे पडतात, साग आणि खैर सुरू होतो. वाटेत सातमालियाचं हरणांचं अभयारण्य आणि वासोण्याची सिंह सफारी आहे. बरोबर मुलं असतील तर थांबावं. जाळीच्या बसमधून सिंह बघण्यात मला फार रस नाही, म्हणून आम्ही पुढे गेलो. जानेवारीत भातखाचरं रिकामी असतात, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, बांधावर मोह आणि ताड. कौलारू घरांच्या कुडाच्या भिंती शेणानं सारवलेल्या. खानवेलला साकरतोड नदी भेटते. थंडीत तिला पाणी बेताचं असतं, पण दगडांवर बसून पाय सोडण्यापुरतं पुष्कळ.

जेवण खानवेलच्या पुढे झालं. रस्त्याकडेला मांडव, चुलीपाशी एक मावशी आणि त्यांची सून. पाटी नव्हती. “कोंबडी आहे, पण बसावं लागेल,” असं सांगून मावशींनी परातीत नागलीचं पीठ घेतलं. नागली म्हणजे आपली नाचणी. आधण घातलेलं पीठ त्यांनी तळहाताच्या टाचेनं इतका वेळ मळलं, की नाशिककर अस्वस्थ झाला. मग ओल्या हातावर थापत, फिरवत फिरवत वाढवलेला तो काळसर रोटला मातीच्या तव्यावर पडला. वरून पाण्याचा हात फिरला, कडा सुटल्यावर तो उलटला आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यासमोर उभा केला. टम्म फुगला. सून तोवर पाट्यावर खुरासणी, लसूण आणि लाल मिरची वाटत होती. भाजलेल्या खुरासणीचा वास तिळापेक्षा रानवट असतो. सालीसकट उडदाचं पातळ वरण, गावठी कोंबडीचा झणझणीत रस्सा, आणि ताटाच्या कडेला ही काळी चटणी.

“आमच्या पेठ-सुरगाण्याकडे अस्संच,” नाशिककर म्हणाला.

“मग आम्ही वेगळे कोण, भाऊ?” मावशी म्हणाल्या. “माझं माहेर तिकडचंच.”

पावसाळ्यात आलात तर बांबूचे कोंब मिळतील, ओढ्यातले खेकडे मिळतील, असं त्यांनी सांगितलं. ताडीचा विषय ठाणेकरानं काढला. ती सकाळीच, ताडाखाली जाऊनच घ्यावी, दुपारची आंबते आणि डोकं धरते, असा सल्ला सुनेनं दिला. कोंबडीला तासाभरापेक्षा जास्त लागला. घाई असेल त्यानं अशा ठिकाणी बसूच नये.

खानवेलहून दुधनीचा रस्ता हा या प्रवासाचा कळस. चढ-उतार, नागमोडी वळणं, आणि एका खिंडीत अचानक खाली पाणी दिसतं. हे मधुबन धरणाचं फुगवट्याचं पाणी. धरण गुजरातमध्ये, पाणी पसरलंय दोन्हीकडे. टेकड्यांची बेटं झाली आहेत आणि पाण्याचे हात दऱ्यांतून कुठवर गेलेत त्याचा अंदाज लागत नाही. काठावर काश्मिरी धर्तीचे शिकारे आहेत, गाद्या आणि झालरी लावलेले. प्रकार थोडा नाटकी वाटतो, पण शिकारा काठापासून लांब गेला आणि गप्पा आपोआप थांबल्या, की तक्रार उरत नाही. नावाडी पाण्याकडे बोट दाखवून इथे कुठली शेतं होती ते सांगत होता. धरणात गावं गेली, माणसं वरच्या बाजूला येऊन राहिली, आणि त्यांतलेच काही आज पर्यटकांना त्याच पाण्यावर फिरवतात. ही माहिती कुठल्या फलकावर नाही. नावाड्याला विचारलं तरच कळते. दुपारचं ऊन टाळून चारनंतर जावं, तेव्हा समोरच्या डोंगरांना रंग असतो.

इथे नाशिककरानं शेवटचा डाव टाकला. दमणगंगा उगम पावते ती दिंडोरी तालुक्यात, आंबेगावजवळच्या सह्याद्रीत. तिथून निघून ती महाराष्ट्र, गुजरात, नगर हवेली करत दमणला समुद्राला मिळते. म्हणजे हे सगळं पाणी आमचं, असं त्याचं म्हणणं. हेच पाणी बोगद्यातून पिंजाळ नदीमार्गे मुंबईला आणायची योजना बरीच वर्षं कागदावर आहे, हे ठाणेकरानं त्याला ऐकवलं. वाद परतीच्या वाटेवरही मिटला नाही.

परतताना सिल्वासाकडे न जाता खानवेलवरून उधव्याला उतरावं. उधवा तलासरी तालुक्यात, म्हणजे पालघर जिल्ह्यात येतं. ऑगस्ट १९५४ मध्ये सिल्वासा पडल्यावर पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांना घेऊन याच जंगलातून खानवेलकडे मागे सरला आणि ११ ऑगस्टला त्यानं उधव्याला भारतीय पोलिसांपुढे शस्त्रं ठेवली. त्याच्या अंगावर नुसते शहरातले स्वयंसेवक येत नव्हते. तलासरी बाजूनं वारलीही उठले होते. १९४५ मध्ये झरी गावात गोदावरी परुळेकरांनी वेठबिगारीविरुद्ध जो लढा उभा केला, त्यात तयार झालेली ही माणसं होती. गोदूताईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचून या रस्त्यावर आलात, तर तलासरीच्या पाट्यांवरची गावांची नावं ओळखीची वाटतात.

या रस्त्यावर खड्डे आहेत आणि अंधार पडल्यावर दिवे नाहीत, तेव्हा उजेडातच निघावं. सिल्वासात घेतलेली बाटली गाडीत असेल तर वापी किंवा भिलाडमार्गे जाण्याचा विचारही करू नये. गुजरात पोलीस गाड्या तपासतात आणि परप्रांतीय म्हणून सूट देत नाहीत. दारूवरचे नियम महाराष्ट्रातही आहेतच, त्यामुळे प्यायची ती तिथेच पिऊन गाडी दुसऱ्याच्या हाती देणं हेच शहाणपण. नाशिकहून येणाऱ्यांनी पेठमार्गे किंवा त्र्यंबक-मोखाडा-जव्हार करून यावं. जव्हारहून सिल्वासाकडे येणाऱ्या वाटेवर फाट्यानं आत दाभोसाचा धबधबा आहे, पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर तो एकटाच खेपेचं चीज करील. मुंबईकडे परतणाऱ्यांनी तलासरीहून थोडी वाकडी वाट करून घोलवडचे चिकू घ्यावेत. या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. पण घेताना कडक घ्यावेत आणि घरी तांदळात पिकवावेत, कारण पिकलेले पेटीतून ठाण्यापर्यंत धड पोचत नाहीत.